सुकडीची परात

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. अहमदपुरात, शरणम्माच्या माळ्यावर पालथी पडून असते. ती नवरी होऊन आली तेव्हा तिच्यासोबत मीही आले. माझ्या काठावर तिचं नाव कोरलेलं आहे.

तेव्हा माझा तोरा काय सांगू! आळीत कुणाला मूल झालं, कुणाचं लग्न जमलं, की साखर वाटायला मीच लागायची. परत येताना मात्र मी कधी रिकामी आले नाही. मूठभर ज्वारी, दोन लिंबं, काहीतरी घालूनच भांडं परत करायचं, ही आमच्याकडची रीत.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. परत करताना माझ्यात घालायला कुणाकडे काही उरलं नाही, म्हणून मला मागायलाच लोक लाजू लागले. वाटणं थांबलं, तसं चांगलं काही सांगणंही थांबलं.

शेवटी शरणम्मा खडीच्या कामावर गेली. तिथे घमेली पुरत नव्हती, म्हणून मला सोबत नेलं. साखर वाटणाऱ्या माझ्यात मुरूम भरला! शरणम्मा तोंडावर पदर ओढायची आणि काठावरचं नाव हाताखाली झाकायची.

तिच्या शेजारी बौद्ध वस्तीतली नागूबाई खडी फोडायची. नवरा गेल्यावर तिने एकटीने लेकीला, गौतमीला, शिकवलं होतं. मिरग लागला तरी आभाळ कोरडंच होतं. एका दुपारी गौतमी धावत आली आणि आईच्या कानाशी काही बोलली. नागूबाईने हातोडा खाली टाकला.

“अक्का, परात देता का जरा? पोरगी मॅट्रिक पास झाली माझी. गोड वाटायचं हाय.”

“गोड कुठून आणतीस बाई?”

“ही सुकडी हाय की. एक दिस न्हाई खाल्ली तर मरत न्हाई मी.”

सुकडी म्हणजे कामावरच्या लोकांना मिळणारी गोड भुकटी. नागूबाईने मला पदराने पुसलं, आपला वाटा माझ्यात ओतला आणि बायांसमोर फिरू लागली. पण हात पुढे येईनात. कुणी पदर सावरत बसलं, कुणी नुसतंच खाली पाहत राहिलं. नागूबाई शरणम्मासमोर येऊन थांबली.

मला शरणम्माच्या मुलाचं बारसं आठवलं. तेव्हा नागूबाईच्या पदरात साखर टाकली होती ती हातभर वरून, आणि माझ्यातूनच. त्या दिवशी मला काहीच वाटलं नव्हतं. आज तोंड लपवायला जागा नव्हती.

नागूबाईने चिमूट उचलली आणि सवयीने तिनेही वरून सोडायला हात उंच केला. शरणम्माने तो हात धरला, खाली घेतला, आपल्या तळहातावर टेकवला.

“वरून नको, नागूबाई,” ती म्हणाली आणि सुकडी तोंडात टाकली. “पोरगी नाव काढील बघ.”

मग एकेक हात पुढे आला. सगळे नाही, पण बरेच. तोंड गोड झालं तशी बोलणीही मोकळी झाली. उमाबाईचा तापाने खिळलेला नातू चालायला लागला होता. सरजाबाईच्या शेळीला दोन पिल्लं झाली होती, त्याला महिना उलटला होता.

“मंग सांगितलं का न्हाईस?” नागूबाई म्हणाली.

“असल्या दिसात कुन्या तोंडानं सांगावं?”

त्या दिवशी खडीवर कितीतरी महिन्यांनी हसण्याचा आवाज आला. नागूबाईने मला परत दिलं तेव्हा तळाशी चिमूटभर सुकडी ठेवलेली होती.

पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला. गौतमी नर्स झाली होती, तिची बदली आपल्या या नव्या जिल्ह्यात झाली. ती पेढे घेऊन शरणम्माच्या दारात आली. “काकू, वाटायला तुमचीच परात पाहिजे.”

मला माळ्यावरून काढलं, चिंचेने घासलं, पेढे माझ्यात रचले. मी लखलखले आणि पुन्हा फुगले. तेवढ्यात सुनेने चहा आणला. बाकीच्यांना स्टीलचे पेले होते. गौतमीपुढे आला तो खिडकीत वेगळा ठेवलेला, कानतुटका कप.

शरणम्माचं तोंड उतरलं. “तो मला दे,” म्हणत तिने कप स्वतःकडे ओढला आणि आपला पेला गौतमीपुढे सरकवला.

गौतमीने तिच्या हातावर पेढा ठेवला. मग शांतपणे म्हणाली, “काकू, आज तुम्ही घेतला. उद्या वस्तीतलं दुसरं कुणी आलं तर त्याला कोणता देतील?”

माझ्यातल्या पेढ्यांकडे कुणाला बघवेना.

मित्रांनो, मला माळ्यावर टाकू नका, एवढंच मी मागणार होते. माझा काळेपणा काय, चिंचेने जातो. पण तुमच्या घरात तसा एखादा कप असेल, तर आधी तो खिडकीतून काढा.