गिऱ्हाईकाचं पान

माझी बायको सू-फान मकावच्या एका कसिनोत बाकारात नावाच्या पत्त्यांच्या जुगाराची पानं वाटायची. मी शेवयांच्या सुपाचं दुकान चालवायचो. हिवाळ्यात ती गेली. वसंतात तिच्याच कसिनोत भरती निघाली, तेव्हा दुकान भाच्याला देऊन मी नाव नोंदवलं. ती उभी राहायची तिथे मला उभं राहायचं होतं.

मेहुणी आन-नेई तिथलीच जुनी. तिनं माझ्या स्वयंपाकघरात शिकवणी धरली.

"खेळाडू आणि बँकर, दोन बाजू. नऊच्या जवळ जाईल ती जिंकली. दाजी, सत्ती आणि अठ्ठी मिळून किती?"

"पंधरा."

"पाच. वरचे दहा सोडायचे. एक्का म्हणजे एक, दश्शी आणि चित्रं शून्य. खेळाडूला पाच किंवा कमी आले की तिसरं पान. कुणालाही आठ-नऊ आले की तिसरं नाहीच."

हे लगेच जमलं. हात मात्र ऐकेना. जन्मभर माजोंग खेळलेला माणूस मी. सोंगटी चाचपायची आणि आपटायची. खेळाडूचं पान मीच उलटलं. तिनं हातावर चापट मारली.

"ते गिऱ्हाईकाचं पान. तो कड वाकवेल, फुंकर मारून नको ते ठिपके उडवेल. तुम्ही उलटलंत आणि तो हरला, तर त्याचं नशीब तुम्ही खाल्लंत."

"फुंकरीनं ठिपके उडतात होय?"

"तुमच्या सुपात कोंबडी तरी कुठे असायची? लोक प्यायचेच ना?"

परीक्षेला कसिनोचे व्यवस्थापक चोई साहेब स्वतः गिऱ्हाईक झाले. पहिला एक्का. दुसरं पान अर्धवट वाकवून ते मुद्दाम शेजारच्याशी गप्पा मारत बसले. माझा अंगठा शिवशिवला. सू-फान संत्रं असंच सावकाश सोलायची आणि मी वैतागायचो. आता तिनं कितीही वेळ लावला असता तरी चाललं असतं. मी थांबलो.

सत्ती निघाली. मी बँकरची पानं उघडली: राजा आणि छक्की.

"खेळाडू आठ, बँकर सहा. तिसरं पान नाही. खेळाडू जिंकला."

टेबल सोडताना मी टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे वर करून दाखवले.

"हात रिकामे दाखवायचं मेहुणीनं शिकवलं वाटतं?" चोईंनी विचारलं.

"नाही. बायको जेवण आवरून उठली की असंच करायची. मला वाटायचं, हात झटकतेय."

चोईंनी माझ्या अर्जावर सही केली.

"तिचं टेबल खिडकीकडचं होतं," ते म्हणाले. "सोमवारी तिथे या."