बटाट्याच्या आकाराचा चौक

मी एक जुना ड्रम आहे. वाजवायचा नव्हे हं, पत्र्याचा! माझा जन्म झाला डांबर भरण्यासाठी. डांबर संपले आणि मी भंगारात जाणार, तेवढ्यात रस्ते विभागाच्या इंजिनिअरसाहेबांनी मला उचलले. अंगावर लाल-पांढरे पट्टे रंगवले, पोटात वाळू भरली. काय थाट होता माझा!

मित्रांनो, तेव्हा शहर भराभर वाढत होते. मधल्या चौकात गाड्यांची अशी कोंडी होई, की मुंगीलाही वाट मिळू नये. कचेरीत ठरले, पदपथ तोडून रस्ता रुंद करायचा. त्याच पदपथावरून मुले शाळेत जात आणि तिथेच किल्ल्या बनवणाऱ्या मावशींची टपरी होती. साहेब म्हणाले, "तोडण्याआधी मला एक दिवस द्या. चौकात ड्रम ठेवून गोल करून बघतो, गाड्या त्याला वळसा घालून जातील. संध्याकाळपर्यंत कोंडी सुटली नाही, तर खुशाल तोडा."

सकाळी मी आणि माझ्यासारखेच रंगवलेले इतर ड्रम चौकात गोलाकार उभे राहिलो. माझी छाती कशी फुगली होती म्हणून सांगू! पण दुपारपर्यंत सगळा विचका झाला. वळताना बस अडके आणि मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ.

"साहेब, टपरी आवरायला घेऊ का?" मावशींनी विचारले.

"थांबा हो मावशी, दिवस बुडलाय का अजून?"

इतक्यात एका बसने मला धाडकन धडक दिली. मी हातभर आत सरकलो. आणि काय आश्चर्य! ती बस सुळकन वळली. तिच्यामागची दुसरीही! पोलीसदादा मला पुन्हा जागेवर ढकलायला धावले, तसे साहेब ओरडले, "हात लावू नका त्याला! त्याला बरोब्बर जागा सापडलीय!"

मग बाह्या सरसावून त्यांनी समोरचे ड्रमही तसेच सरकवले. गाड्या पाण्यासारख्या वाहू लागल्या.

"अहो, हा गोल आहे की बटाटा?" मावशी हसल्या.

"बटाटा तर बटाटा! चालतोय ना?"

दिवस मावळला तेव्हा चौकात एकही गाडी अडलेली नव्हती. पदपथ वाचला! पुढे आमच्या जागी तस्साच वेडावाकडा दगडी कठडा बांधला गेला. कौतुक त्याचे झाले, आम्ही गोदामात गंजत पडलो. साहेब अधूनमधून येत, माझ्यावर थाप मारून जात. मग ते येईनासे झाले.

परवा त्यांची मुलगी आली. तीही आता रस्त्यांचेच काम करते. बाबा गेल्याचे तिने गोदामवाल्या काकांना सांगितले. मग म्हणाली, "काका, हे ड्रम विकू नका. बाजाराच्या चौकात लागणार आहेत."

आता माझ्यावर ताजा रंग चढतो आहे आणि मला मुळीच धीर धरवत नाही! मित्रांनो, रस्त्याच्या मधोमध आम्ही दिसलो, तर गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसांना सांगा, भोंगा नको, जरा हळू घ्या. चूक दगडात बांधली जाऊ नये, म्हणून कुणीतरी ती आधी आमच्याकडून करून बघत असते.