माझ्या पोटावरचं ठिगळ

मी एक जुना फुगा आहे. मित्रांनो, हसू नका. टाचणी लागली की फट्‌दिशी फुटणाऱ्यांच्या जातीतला मी नव्हे. मी चंदेरी आहे, चांगला माणसाएवढा उंच आहे आणि माझं काम फार गंभीर होतं. मला अणुबाँबचं सोंग घ्यायचं होतं.

कसं ते सांगतो. अणुबाँब घेऊन येणारं क्षेपणास्त्र वरच्या वर पाडायचं, असं एक यंत्र आमच्या कारखान्यात तयार होत होतं. पण शत्रू काही दुधखुळा नसतो. तो बाँबबरोबर माझ्यासारखे फुगेही सोडतो. वर अवकाशात हवाच नाही, त्यामुळे जड बाँब आणि हलका फुगा अगदी बरोबरीने धावतात. त्यातला खरा कोण आणि सोंगाड्या कोण, हे यंत्राच्या डोळ्याने ओळखायचं. यंत्र फुग्यामागे धावलं, तर बाँब हातावर तुरी देऊन खाली येणार.

माझा जन्म मावशींच्या टेबलावर झाला. कारखान्यातले फुगे त्याच बनवायच्या. पातळ चंदेरी कापडाचे तुकडे गरम इस्त्रीने जोडून त्यांनी मला उभं केलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जा बाबा, आता यंत्राला फसव."

परीक्षेच्या खोलीत खिडकी नव्हती. भिंतींना काळ्या स्पंजाचे सुळके होते आणि बोललेला शब्द तिथल्या तिथे विरून जायचा. छताला दोन दोरे बांधलेले. एकाला मी लटकायचो, दुसऱ्याला बाँबची पोकळ प्रतिकृती. समोर यंत्राचा डोळा आणि काचेपलीकडे बाई. परीक्षा घेण्याचं सगळं काम त्यांच्याकडे होतं.

बाईंना घाई होती आणि तिचं कारण घरात होतं. त्यांच्या मुलीच्या शाळेत भोंगा वाजवून बाकाखाली लपायचा सराव झाला होता. तेव्हापासून छोटी पायात बूट घालून झोपायची.

"पळायला लागलं तर वेळ जायला नको, म्हणते," जेवणाच्या सुट्टीत बाई मावशींना सांगत होत्या. "मी शब्द दिलाय तिला. माझं यंत्र पास झालं की जगातले सगळे बाँब भंगारात. मग बूट काढायचे."

"काढेल हो," मावशी म्हणाल्या. "पोरीचे पाय उबून गेले असतील."

सुरुवातीला मी यंत्राला अगदी सहज फसवायचो. मग एकदा दाराच्या कडीत अडकून माझं पोट टर्रकन फाटलं. मावशींनी तिथे तळहाताएवढं ठिगळ लावलं आणि मी पुन्हा कामावर रुजू झालो. यंत्र मला रोज बघून शिकत होतं. हळूहळू ते हुशार झालं. मला कसाही फिरवा, ते बिनचूक सांगायचं, हा फुगा आणि तो बाँब. ज्या दिवशी ते पास झालं, त्या दिवशी बाईंनी मला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हसतच. छोटीने बूट काढले होते. मित्रांनो, मला इतका आनंद माझ्या जन्मात झाला नव्हता.

बातमी वर पोचली. शेजारच्या देशाशी बाँब कमी करण्याची बोलणी चालू होती, ती थंडावली. आपल्याकडे असं यंत्र असताना बोलायचं कशाला, असं मंत्री म्हणू लागले. त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक करायचं ठरलं.

माझ्यात मात्र आता हवा टिकत नव्हती. म्हणून मावशींनी हुबेहूब माझ्यासारखा नवा फुगा केला. तो टांगला, यंत्राने बघितलं आणि बेधडक सांगितलं, हा बाँब!

"सांधा सुटला असेल तर दाखवा," मावशी रागावल्या. "उगाच माझ्या कामाला नावं ठेवू नका."

सांधा कुठेच सुटला नव्हता. बाईंनी आम्हा दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि चाचपून बघितलं. त्यांचा हात माझ्या ठिगळावर आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी चंदेरी कापडाचा एक तुकडा कापला आणि तो बाँबच्या प्रतिकृतीवर चिकटवला. यंत्राने बाँबकडे बघितलं. हा फुगा, म्हणालं, जाऊ द्या.

इतके दिवस यंत्र फक्त माझं ठिगळ ओळखत होतं.

"मंत्री उद्या येतायत," मोठे साहेब म्हणाले. "जुन्याच फुग्यात हवा भरा. कुणाला कळणार आहे?"

"शत्रू ठिगळं लावून पाठवणार आहे का, साहेब?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नातवंडांना मीही तसंच सांगून बसलोय हो, बाई."

"मग आपण दोघांनीही घरी जाऊन खरं सांगू या."

मंत्र्यांसमोर नवा फुगा टांगला गेला आणि यंत्र नापास झालं. बाईंना खूप बोलणी खावी लागली. घरी त्यांनी मला सोबत नेलं आणि छोटीला सगळं सांगितलं. ती उठली आणि बूट घालून आली. बाई रडल्या, आणि रडता आलं असतं तर मीही रडलो असतो.

बोलणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा जाणकार म्हणून बाईंना पाठवलं. त्यांच्या पिशवीत घडी होऊन मीही गेलो. समोर शेजारच्या देशाचे एक उंच गृहस्थ होते. आमचंही यंत्र तयार आहे आणि ते कधीच चुकत नाही, असं ते ताठ मानेने सांगत होते. बाईंनी मला टेबलावर पसरलं आणि काही न लपवता सगळी हकिगत सांगितली.

ते गृहस्थ बराच वेळ माझ्या ठिगळावरून बोट फिरवत राहिले.

"आमच्या फुग्याच्या दोऱ्याला एक गाठ आहे," शेवटी ते हळूच म्हणाले. "बिनगाठीचा दोरा आम्ही कधी लावलाच नाही."

पुढच्या बैठकीला ते गाठीचा तो दोरा घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्याशेजारी ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्हीकडचे लोक मनापासून बोलले. काही बाँब मोडले गेले. पुष्कळ अजून शिल्लक आहेत.

आता मी छोटीच्या कपाटात असतो. मित्रांनो, यंत्रं बनवा, पण त्यांच्या भरवशावर बोलणं सोडू नका, आणि आपलं ठिगळ झाकू नका. छोटी आता बूट काढून झोपते, पण ते पलंगाखाली, हाताशी ठेवते. सगळ्यांचे बूट जिथे असतात, तिथे बाहेर दाराशी छोटीचे बूट अजून गेलेले नाहीत. ते जाईपर्यंत मला टाकून देऊ नका.