केळझरचा प्रसाद

रूपरावांनी पेढा आधी कपाळाला लावला, मग डोळे मिटून तोंडात टाकला. मुलगा धनंजय समोर उभा राहून स्वतःच्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"फरक पडून राह्यला बरं गुडघ्याले," रूपराव म्हणाले. "गनपती पावला. दर अइतवारी एवढ्या दूर जाता तुमी दोघं, त्याचंच फळ हाये."

उज्वला, त्यांची सून, पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेली.

पेढा केळझरच्या गणपतीचा नव्हताच. वर्ध्याच्या बसस्टँडसमोरच्या दुकानातला होता. धनंजय खोक्यावरची दुकानाची चिठ्ठी खरवडून काढायचा आणि आत जास्वंदाचं एक फूल ठेवायचा. देवळीच्या खत-बियाण्याच्या दुकानात ज्याने कधी कोणाला बनावट पाकीट दिलं नाही, तोच माणूस घरी बापाला बनावट प्रसाद खाऊ घालत होता.

सुरुवात उज्वलापासून झाली. पोरगी शिकायला पुण्याला गेली, घर सुनं झालं, आणि वर्ध्यात साल्सा नाच शिकवतात अशी पाटी पाहून तिने लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याकडे काही मागितलं. "मले शिकाचं हाये. तुमच्या संगं. बाबाले सांगूनच जाऊ."

धनंजयला घाम फुटला. ज्या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्या घरात बायकोच्या पाठीवर हात ठेवून नाचायला चाललो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? निघताना रूपरावांनी कुठे म्हणून विचारलं आणि हा पठ्ठ्या बोलून गेला, "केळझरले. तुमच्या गुडघ्यासाठी नवस केला."

क्लास एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारी भावना मोठी चटपटीत. पाय हलवण्याआधी ती गोष्ट सांगायची. क्युबा नावाच्या बेटावर उसाच्या मळ्यात राबायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेली. त्यांचं सगळं हिरावून घेतलं, पण ढोलाचा ठेका कोणाला हिरावता आला नाही. त्यात स्पेनच्या मालकांची गिटार मिसळली. पुढे ही गाणी न्यूयॉर्कला गेली आणि तिथे त्यांना साल्सा हे नाव चिकटलं. कोणी पहिल्या ठोक्यावर पाऊल टाकतं, कोणी दुसऱ्यावर. क्युबावाले मात्र एकमेकांभोवती गोल फिरत नाचतात.

"आपल्या गावच्या दंडारीत नाचनारे फिरतात न, तसंच," उज्वला खुशीत म्हणाली. तिला तोच प्रकार आवडला.

धनंजयचा हात मात्र तिच्या पाठीपासून बोटभर दूरच राहायचा. "काका, हात टेकवा ना," भावना ओरडायची. "कुठं वळायचं ते काकूंना तुमच्या हातावरूनच कळणार." तो टेकवायचा, पण दारात कोणी डोकावलं की पटकन काढून घ्यायचा. उज्वला अर्ध्या वळणावर अडखळायची आणि हसून सावरून घ्यायची.

त्या रविवारी ते परतले तर घराला कुलूप होतं. दिवेलागणीला रूपराव लंगडत आले आणि कण्हत खुर्चीत बसले.

"केळझरले गेलतो. म्हटलं, पोरं माह्यासाठी एवढं करून राह्यले, त आपनबी पाया पडून यावं. टेकडी चढलो. पायरीवर तुमची वाट पाह्यली लय वेळ. पुजाऱ्याले इचारलं. तो म्हने, असं जोडपं काई येत नाई."

धनंजयच्या हातात पेढ्याचं खोकं होतं. एवढं होऊनही त्याच्या तोंडून निघालं, "आज आमी जरा लवकर..."

"आमी वर्ध्याले नाच शिकाले जातो, बाबा," उज्वला दारातून म्हणाली.

रूपराव सुनेकडे नाही, मुलाकडे पाहत राहिले. "नाचा न. मी काय मारलं असतं? पन देवाले मंधात काऊन घेतलं? आन माह्या गुडघ्याले?" मग त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि दोघांच्या हातावर एकेक पेढा ठेवला. "हा तिथला हाये. घ्या."

धनंजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुजलेल्या गुडघ्याला लावायला तेल घ्यायला तो स्वयंपाकघरात गेला, तेव्हा उज्वला चुलीकडे तोंड करून म्हणाली, "बाबाची भीती नोती तुमाले. माह्या संगं चारचौघात दिसाची लाज होती."

ते खरंच होतं. तो तेल घेऊन बाहेर आला आणि खाली मान घालून बापाचा गुडघा चोळत बसला.

पुढच्या रविवारी उज्वला ओसरीवर वांगी चिरत बसली होती.

"आज नाई जात?" रूपरावांनी विचारलं.

"नाई, बाबा. झालं शिकून."

धनंजय कपडे करून तयार होता. अंगणात येऊन त्याने हात पुढे केला. "चाल." कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण हात त्याने मागे घेतला नाही. उज्वलाने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, आणि सवयीने पदर पुढे ओढला.

रूपराव खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठले. दुखरा पाय सांभाळत त्यांनी खुर्ची फिरवली आणि दोघांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले.

"जाजा," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "वर्ध्याची बस निंघून जाईन. आन येतानी पेढे नोका आनू."