तीन पावलं

एक्स-रेच्या खोलीत मी एकोणीस वर्षं काढली आहेत. माझा आवाज मोठा आणि जीभ तिखट आहे, असं मागे बोललं जातं. बोलू देत. दिवसभर माणसं टेबलावर आडवी करून काचेमागून "हलू नका" ओरडायचं, तर आवाज मोठाच लागतो. पण एक वाक्य असं आहे, जे अकरा वर्षांत मी तोंडातून काढलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी एक धावणारी पोरगी आली होती. बारा वर्षांची, नुसती काडी. चिठ्ठीवर 'डावा गुडघा' लिहिलेलं. मी गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो अगदी स्वच्छ. मला जेवायला जायची घाई होती, तेही सांगून टाकते. काचेमागूनच म्हटलं, "ऊठ बाळ, झालं." ती उठली आणि दाराकडे तीन पावलं चालली, एक पाय बाहेर वळवून, घासत. चौथ्या पावलाला कोसळली.

दुखत होता गुडघा, पण दुखणं खुब्यात होतं. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो. वाढत्या वयात एखाद्याचा तो गोळा जागेवरून सरकायला लागतो, बरणीचं झाकण तिरकं बसावं तसा, आणि कळ मात्र गुडघ्यात येते. त्या चौथ्या पावलाला तिचं झाकण पुरतं निसटलं. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, हाड मेलं. पोरगी जिवंत आहे. आता ती एका कचेरीत कामाला आहे आणि तिच्या एका बुटाला जाड तळ आहे. मी एकदा तिला रस्त्याच्या पलीकडून पाहून आले. जवळ जायची माझी छाती झाली नाही.

ती गेली, पण तिची पावलं माझ्या खोलीत राहिली. वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा, भर दिवसा, टेबलापासून दाराकडे ऐकू येतात. टप, घस, टप. चौथं कधीच येत नाही. सुरुवातीला मी पंख्याला दोष दिला, मग वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांना. पंखा तर बदलूनसुद्धा घेतला. नंतर गप्प बसले. असलं काही बोललं की लोक वेड्यात काढतात.

गेल्या वर्षी एका दुपारी एक मामा आपल्या भाचीला चक्क पाठुंगळीला घेऊन आत आला. भाची तेरा वर्षांची, गोळाफेक करणारी, चांगली दणकट. मामा घामाघूम, ती लाजून लाल.

"हिला 'तोफ' म्हणतात मैदानावर," मामा धापा टाकत म्हणाला. तोच तिचा शिक्षकही होता. "उद्या निवड आहे. गुडघा वाचवायचा म्हणून कालपासून पाय जमिनीला लावू दिला नाही."

"मग तुमच्या कमरेचा काढू का आधी?" मी म्हटलं. तोफ खुदकन हसली.

चिठ्ठीवर 'उजवा गुडघा'. आमच्याकडे नियम एकच आहे, चिठ्ठीत असेल तेवढंच काढायचं. मुलांना उगाच जास्तीचे किरण द्यायचे नाहीत, आणि तो नियम बरोबरच आहे. मी मामाला बाहेर बसवलं, तिला टेबलावर झोपवलं, गुडघा समोरून आणि बाजूने काढला. पडद्यावर चित्र आलं. स्वच्छ. मामानं दार किलकिलं करून विचारलं, "उद्या टाकू शकेल ना? बारा महिने घाम गाळलाय हो पोरीनं." मी मान डोलावणार, इतक्यात ऐकू आलं.

टप. घस. टप.

काचेतून पाहिलं, तर खोलीत तोफेशिवाय कोणी नव्हतं. ती कोपरावर रेलून उठत होती. उजवा पाय टेबलावरून खाली सोडलेला, अंगठा फरशीपासून वीतभर वर. तेव्हा मला दिसलं की तिचं पाऊल समोर नव्हतं, बाहेर वळलेलं होतं. मामानं उचलून आणली म्हणून तिची चाल कुणी पाहिलीच नव्हती, ना डॉक्टरांनी, ना मी.

"उठायचं नाही!" मी अशी किंचाळले की मामा दारात थिजला. धावत जाऊन मी तिचा पाय दोन्ही हातांनी वर ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावला.

"खुबा काढायचाय. दोन्ही बाजूंचा."

"चिठ्ठीत गुडघा लिहिलाय ना मी?" डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग लागलेली होती. "तिनं खुब्याचं नावही काढलं नाही. तुम्ही कशाला नाक खुपसताय?"

"पाऊल बाहेर वळलंय, डॉक्टर. तुम्ही तिला चालताना पाहिलंत?"

"नाही," ते म्हणाले. "काढा. मी येतो."

पडद्यावर खुबे उमटले. डावा गोळा नीट जागेवर बसलेला. उजवा तिरका सरकलेला, पण अजून टेकलेला. डॉक्टर येऊन पाहत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. तिनं त्या पायावर वजन टाकलं असतं, तर कदाचित सगळंच निसटलं असतं. हे ते मामाला समजावत होते आणि मामा भिंतीला टेकून ऐकत होता. आजच्या आज शस्त्रक्रिया करून एक स्क्रू बसवायचा, मग काही आठवडे कुबड्या. दुसऱ्या खुब्यावरही लक्ष ठेवायचं, कारण तोही सरकू शकतो. गोळाफेक पुढच्या वर्षी, तीही हाड नीट जुळलं तर.

"म्हणजे उद्याचं गेलं," मामा म्हणाला आणि तोंड फिरवून रडला. "मीच तिला म्हणायचो, नाटकं करू नको, पळ."

तोफ मात्र रडली नाही. स्ट्रेचर आल्यावर चौघांनी तिला चादरीसकट उचललं. मला मनातून इतकं हलकं वाटत होतं की मी तिच्या गालावरून हात फिरवला, जे मी एरवी कधी करत नाही. वाटलं, त्या पावलांनी या पोरीला वाचवलं. दहा वर्षांनी का होईना, त्या धावणाऱ्या पोरीनं मला माफ केलं.

दारापाशी तोफ म्हणाली, "मावशी, तुम्ही पण कमाल आहात. आधी स्वतःच ऊठ म्हणता, आणि उठले की ओरडता."

"मी कधी म्हटलं?"

"म्हणालात की. अगदी प्रेमानं, माझ्या कानाशी." तिनं माझी नक्कल केली, हुबेहूब माझ्याच आवाजात. "ऊठ बाळ, झालं."

मी काचेमागे होते. तोंडही उघडलं नव्हतं. स्ट्रेचर निघून गेलं, मागे रिकामं टेबल राहिलं. त्या धावणाऱ्या पोरीला मी उगाच भीत होते. तिची पावलं नुसती सावध करत होती. घातक होतं ते तिथे राहिलेलं माझं वाक्य, आणि प्रत्येक दुखऱ्या पोराला ते अजून उठवत होतं.

तोफेला स्क्रू बसला. आता ती काठीशिवाय चालते, आणि तपासणीला आली की मामावर डाफरते. मी अजून त्याच खोलीत काम करते. फक्त पोरांना टेबलावर झोपवलं की आधी बजावते, "मी जवळ येऊन खांद्यावर हात ठेवीन, तेव्हाच उठायचं. त्याआधी कुणी ऊठ म्हटलं, तर उठू नकोस. माझा आवाज असला तरी."

परवा एका लहानग्यानं विचारलं, "आणि आत्ता 'ऊठ' म्हणाली ती तुम्ही नव्हतात?"

मी पळत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दाबून धरला.