चालकाच्या दरवाजाची आतली बाजू

माझ्या वहीत त्या ट्रकच्या पाच महिन्यांच्या नोंदी आहेत. कोणता बोल्ट कधी बदलला, गंज कुठे किती खोल होता, हिरव्या रंगाचा थर किती मायक्रॉनचा झाला, सगळं लिहिलेलं आहे. पान चौतीसवर एक ओळ आहे: ‘चालकाचा दरवाजा, आतली बाजू. ओरखडे सतरा, पैकी तीन आडव्या रेघेने छेदलेले. घासून सपाट करणे, वर लांबीचा (पुट्टीचा) थर, मग रंग.’ आणि पुढे काम झाल्याची बरोबरची खूण.

ती खूण मीच केली आहे.

एम.एस्सी. झाल्यावर मी शिवकुमारसरांकडे लागले. सोलापुरातल्या एका बंद गिरणीची शेड घेऊन त्यांनी जुन्या लष्करी गाड्यांचं संग्रहालय केलं आहे. जीपा आहेत, मोटारसायकली आहेत, पाण्याची एक टाकीगाडी आहे. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी गंज आणि रंगाचं बघेल, म्हणून त्यांनी मला घेतलं. हातकाम राजेसाबचाचांचं. त्यांचं सारं आयुष्य ट्रकच्या पत्र्यात गेलंय.

लष्कराच्या लिलावातून आलेला, पुढे कुठल्यातरी वीटभट्टीवर खपलेला एक शक्तिमान ट्रक आम्ही दुरुस्त करत होतो. जानेवारीत संग्रहालयाचा पहिला मेळावा होता आणि उत्तम दुरुस्तीसाठी ढाल होती. परीक्षकांची गुणपत्रिका आधीच आली होती. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना जशी होती तशी दिसली पाहिजे. पत्र्यावर ओरखडा दिसला की एक गुण वजा.

दरवाजाची आतली बाजू साफ केल्यावर चाचा थांबले. बोट फिरवत म्हणाले, “मॅडम, हे ओरखडे नाहीत. कुणीतरी बसून, मन लावून काढलंय. राहू द्या की.”

“चाचा, सतरा आहेत. सतरा गुण जातील.”

“ह्या रेघा आपोआप पडल्या असत्या तर सारख्या पडल्या असत्या का?”

सारख्या होत्या. पट्टी लावून मीच मोजलं होतं. दोन रेघांमध्ये जवळजवळ एकेक सेंटीमीटर. असं अंतर चुकून पडत नाही, हे मला कळलं होतं. पण गुणपत्रिकेत कळण्याला रकाना नव्हता. “काहीतरी पेटी घासली असेल,” मी म्हणाले. चाचांनी ग्राइंडर घेतला. मी फोटोसुद्धा काढला नाही. बिघाडाचा फोटो कशाला काढायचा?

मेळाव्याच्या दिवशी तेवीस गाड्या आल्या. पुण्याचे, कोल्हापूरचे, बेळगावचे हौशी लोक खाकी कपडे चढवून आपापल्या जीपांचे फोटो काढत होते. अकराच्या सुमाराला पुण्याहून आलेले परीक्षक आमच्या ट्रककडे आले. त्यांच्या पाठोपाठ एक म्हातारं जोडपं आलं. गृहस्थांनी धोतर, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट घातले होते. त्यांनी ट्रकच्या नंबराकडे बघितलं आणि सरळ उभे राहिले.

“माजी गाडी हाय ही,” ते म्हणाले. “मी कोंडीबा. मोहोळकडनं आलोय. एकाहत्तरच्या लढाईत मी चालवली ही.”

दोन-तीन खाकीवाले जवळ आले. एकाने विचारलं, “कशावरून काका? नंबर तर मेळाव्याच्या पोस्टरवरच छापलाय.”

“दार उगडा. आत सतरा रेघा हायत. पेचकसानं वडल्यात मी. सतरा खेपांच्या सतरा.”

त्यांच्या बायकोने डोक्यावरचा पदर सारखा केला. “लगीन झाल्यापास्नं त्या सतरा रेघा आयकतेय मी. आमच्या म्हशीलाबी पाठ झाल्यात. आज म्हनलं, चला, एकदाच्या बगू तरी.”

“बजे, जरा गप बस की.”

“बसते. तुमी दावा.”

कोंडीबांनी दरवाजा उघडला. आतला पत्रा आरशासारखा गुळगुळीत होता. त्यांनी आधी डोळ्यांनी बघितलं, मग तळहाताने चाचपलं. वरून खाली, खालून वर. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तो दरवाजाही उघडून बघितला आणि परत आले. मी हातात फडकं घेऊन दोन फुटांवर उभी होते. वही काखेत होती.

“न्हाईत व्हय?” बजाबाई म्हणाल्या. “म्हनलं हुतं की मी. पन्नास वर्सं गाडी चालवलीया, पर समदी वसरीवर बसून.”

लोक हसले. त्याही हसल्या. पण हसता हसता नवऱ्याकडे बघून गप्प झाल्या.

परीक्षक वाईट माणूस नव्हते. हळूच म्हणाले, “असू द्या बाबा. प्रत्येक मेळाव्यात असे दोघं-तिघं भेटतात. गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात.” मग माझ्याकडे वळले. “दरवाजा मूळचाच ना? आत काही होतं का?”

इथे मला नेमकं उत्तर माहीत होतं. किती, कुठे, किती अंतरावर. चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांनाही माहीत होतं, पण बोलायचा पहिला हक्क त्यांनी मला दिला होता.

“विशेष काही नव्हतं, सर,” मी म्हणाले. “किरकोळ ओरखडे.”

परीक्षकांनी वीसपैकी वीस लिहिले. आकडा मला उलटा दिसला, तरी वाचता आला. चाचा फडकं खांद्यावर टाकून निघून गेले. कोंडीबांनी दरवाजा अगदी सावकाश, आवाज न करता लावला. त्याची कडी थोडी वर उचलावी लागते. ते नवीन माणसाला जमत नाही. मलाच आठवडा लागला होता. त्यांनी न बघता उचलली.

एक वाजता ढाल मिळाली. शिवकुमारसर माइकवर म्हणाले, “आमच्या आरोहीची वही बघा एकदा! विज्ञान म्हणतात ते हे.” टाळ्या झाल्या. मी मंचावरून खाली उतरले तेव्हा चाचा पायरीशीच उभे होते.

“दोघं पुणे नाक्यावर गेलेत. मोहोळच्या गाडीसाठी,” एवढंच म्हणाले.

मी स्कूटी काढली. ढाल पायाशी ठेवली, कारण कुणाच्या हातात द्यावी ते सुचलं नाही.

नाक्यावर ते दोघं झाडाखाली बसले होते. बजाबाई शेंगा सोलून नवऱ्याच्या हातात देत होत्या. ते खात नव्हते, मूठ भरत चालली होती. मी समोर उभी राहिले आणि वही उघडून पान चौतीसवरची ओळ वाचली. शेवटपर्यंत, ‘घासून सपाट करणे’सकट.

“परत वाच,” बजाबाई म्हणाल्या.

मी परत वाचली.

“सतरा?” त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

“तर काय म्हनतोय मगाधरनं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग मला विचारलं, “आडव्या किती म्हनलीस?”

“तीन.”

“चार.”

“काका, मी दोनदा मोजल्या होत्या.” हे मी तेव्हासुद्धा म्हणाले. आठवलं की अजून मान खाली जाते.

“चौथी बारीक हुती. हात लई कापत हुता.” त्यांनी मुठीतले दाणे खिशात टाकले. “जखमी पोरं मागं घालून तंबूतल्या दवाखान्यात न्यायची. खेप झाली की एक रेघ. वाटंत कुनी गेलं की तिच्यावर आडवी. चौथी ती शेवटच्या खेपंची. मागं जागा न्हवती म्हनून एकाला माज्या शेजारी बसवला. निंगप्पा त्याचं नाव. निम्म्या वाटंपत्तुर कानडीत कायतरी सांगत हुता. मला कळंना. मी आपलं ‘व्हय व्हय’ म्हनत ऱ्हायलो. मग गप झाला.”

बजाबाई म्हणाल्या, “ह्ये मला कदी सांगितलं न्हाय.”

“रेघांवरच हसायचीस की तू.”

त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. चौथी रेघ माझ्या डोळ्यांतून सुटली होती की पत्र्यावर नव्हतीच, हे आता कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. त्या पत्र्याचा वरचा थर भुकटी होऊन गिरणीच्या फरशीवर पडला होता आणि मी तो झाडून घेतला होता.

“काका, परत चला,” मी म्हणाले. “मी सगळ्यांसमोर सांगते.”

“मगाशी हुतीस की तितंच.”

मोहोळची गाडी आली. बजाबाई उठल्या, नवऱ्याच्या कोपराला धरून त्यांना आधी चढवलं आणि खिडकीची जागा दिली. मग पायरीवरूनच माझ्याकडे वळून म्हणाल्या, “त्या पोराचं नाव लिव तुज्या वहीत.”

मी परत आले तेव्हा परीक्षक जेवून हात पुसत होते. त्यांना पान दाखवलं, सगळं सांगितलं. मी खोटं बोलले होते, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण त्याने गुण बदलत नाहीत. ओरखडे काढायचे, असंच आपल्या नियमात आहे. उलट काम फार सफाईदार झालंय.”

ढाल माझ्या हातातच राहिली.

नीट मोजल्याशिवाय आकडा बदलायचा नाही, हे मी प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकले होते. त्या संध्याकाळी शेडमध्ये बसून मी तीन खोडून चार केले. बाजूला लिहिलं: ‘मोजलेले नाही. चालक कोंडीबा यांनी सांगितले. चौथा, निंगप्पा.’ आणि पुढची बरोबरची खूण खोडून टाकली.