चोरून आणलेली फांदी

कच्‌.

रविवारच्या सकाळी सगळं घर गप्प असताना स्वयंपाकघरातून छाटणीच्या कात्रीचा आवाज आला. जाऊन पाहते तर सासूबाई ठेवणीतली टोपी घालून, कात्रीला तेल देऊन, नुसती हवा कातरत होत्या. मला पाहताच कात्री पर्समध्ये गेली, वर ओला रुमाल.

"आज जरा गावं बघायला जाऊ," त्या म्हणाल्या. "पोरीला काही म्हणून दाखवत नाहीस तू."

पोरगी म्हणजे माझी क्लेमांस. जन्मल्यापासून हीच गावं बघतेय ती. पण मला कळायचं ते कळलं. थंडीत सासूबाईंचं काळपट लाल जिरेनियम गेलं होतं, त्यांच्या आईच्या खिडकीतलं. आता ते उरलं होतं एकाच ठिकाणी, सां-मार्सूला, त्यांच्या बहिणीच्या दारात. आणि आईच्या कपाटाच्या वाटणीवरून वाजल्यापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या.

"सरळ मागा ना सोलांजमावशींकडे," गाडी सुरू करताना मी म्हटलं.

"तिच्याकडे? मी? आणि मागून आणलेली फांदी कधी मुळं धरते का गं? चोरलेलीच धरते. एवढंही शिकवलं नाही तुझ्या आईनं?"

शिकवलं होतं. आमच्याकडे पाद्रीबाबांची बागही अशीच फुललीय म्हणतात.

संशय नको म्हणून आधी दुसरी गावं. एका ठिकाणी चर्चसमोर बसून चेरीचा केक खाल्ला, पुढच्या गावी नदीकाठी बकरीचं चीज घेतलं. तिथे मेअरच्या कचेरीसमोरच्या कुंडीतली एक पांढरी फांदी सासूबाईंनी जाता जाता उडवली.

"अहो!"

"हात बसायला नको?"

सां-मार्सूला पोचलो तेव्हा जेवणं आटोपून गाव लवंडलं होतं. गल्लीत चिटपाखरू नाही. मावशींच्या खिडकीच्या निळ्या झडपांखाली ती कुंडी, नुसती लालेलाल. क्लेमांसला बुटाची नाडी बांधत बसवलं, मला कोपऱ्यावर पहाऱ्याला. कात्री बाहेर आली आणि दार उघडलं.

सोलांजमावशी. हातात झारी.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नाकं अगदी एकसारखी.

मावशींनी कात्रीकडे पाहिलं. झारी हळूच खाली ठेवली. मग गर्रकन पाठ फिरवून ओरडल्या, "अगंबाई, दूध! उतू चाललं की!" आणि आत पळाल्या. मी कोपरा सोडून जवळ आले होते; खिडकीतून मला त्यांची शेगडी दिसत होती. थंडगार, वर काही नाही. मावशी टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

सासूबाईंची कात्री एका कोवळ्या शेंड्याशी गेली. तोच आतून दरडावणी आली, "ए मांजरे! कोवळं काय कुरतडतेस? खालचं जून घे!"

मावशींकडे मांजर नाही.

कच्‌.

परतताना सासूबाई मांडीवरचा ओला रुमाल दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, तान्ह्या बाळासारखा. पुटपुटल्या, "लबाड मेली. लहानपणापासून तशीच." आणि हसू लपवायला खिडकीकडे वळल्या.

"आई," मागून क्लेमांस म्हणाली, "त्या आजीनं मुद्दाम पाठ फिरवली ना?"

"हो गं."

"म्हणजे तिनं फांदी दिलीच की."

सासूबाईंचं हसू थांबलं. रुमालावरचे हात घट्ट झाले. मान वळवून त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"मग ती चोरलेली नाहीच. आता मुळं धरेल का, आई?"